क्लिकर लावावा का? (साधं धनुष्य आणि ओढीतला हरवलेला दीड इंच)

तिरकमठा
शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, इथे धनुर्विद्येवर कोणी फारसं लिहीत नाही, तरी धागा काढतोय. दोन-चार जण निघतील अशी आशा आहे.

मी मिशिगनमध्ये असतो. चार वर्षांपूर्वी एक लाकडी टेकडाउन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, पाती सुटी करता येणारं धनुष्य) घेतलं. ६२ इंची, पात्यावर (धनुष्याच्या वाकणाऱ्या भागावर) लिहिलंय '४० पौंड, २८ इंचाला'. नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही. तीन बोटं नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) खाली, बाणाच्या टोकावरून नेम. क्लबच्या मागच्या रानात रबरी हरणं, अस्वलं आणि एक टर्की ठेवलेली आहे. रविवारी तिथे भटकत बाण मारायचे एवढाच शौक. शिकार करत नाही.

तीन वर्षं बरं चाललं. गेल्या हिवाळ्यात काहीतरी बिनसलं. २० मीटरवर चार बाण एका बशीत बसतील असे लागायचे आणि पाचवा अर्धी वीत खाली, जरासा डावीकडे. आधी वाटलं तो बाणच वाकडा असेल. बाणांवर नंबर घातले. दर वेळी नंबर वेगळा, पण खालची जागा तीच.

शेवटी बायकोला पकडलं. बाणाच्या दांडीवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर पांढऱ्या टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या आणि तिला बाजूला उभं करून मोबाइलवर स्लो मोशन घ्यायला लावलं. एकूण बारा बाण. रात्री जेवताना एकेक फ्रेम थांबवून बघत बसलो. पट्ट्या रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) कडेशी येतात, थांबतात आणि बाण सुटायच्या आत परत पुढे सरकतात. कधी अर्धी पट्टी, कधी दोन. एका बाणाला तर बोट ओठाच्या कोपऱ्याला पोचलेलंच नाही, वाटेतच सोडून दिलाय. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड ओढीत दीड इंचाचा फरक! बाराही बाण पूर्ण ओढले होते हे मी शपथेवर सांगितलं असतं. बायको म्हणाली, "तू सोडत नाहीयेस, टाकून देतोयस. हातात पाल आल्यासारखा."

क्लबातले एक आजोबा म्हणतात, पात्यावर चिकटवायचा क्लिकर लाव. लावावा का? आणि लावला तर माझं धनुष्य 'पारंपरिक' राहतं का, की मी वाण्याच्या तराजूखाली चुंबक लावतोय?

---

जुनंतेसोनं
शनिवार, रात्री ११:१५

प्रामाणिक मत देतो, राग मानू नका. क्लिकर लावायचा तर साइटही लावा, स्टॅबिलायझर लावा, नाहीतर सरळ कंपाउंड (चाकांचं यांत्रिक धनुष्य) घ्या. साध्या धनुष्याची गंमतच ही की सगळं अंगात मुरवावं लागतं. एकलव्याला कुठे क्लिकर होता? आपल्या जुन्या वर्णनांत शब्द आहे 'आकर्ण'. कानापर्यंत ओढायचं. कान काही जागा सोडून जात नाही.

मी स्वतः लाँगबो मारतो, १२ वर्षं झाली. रोज पन्नास बाण जवळून, डोळे मिटून. महिन्याभरात ओढ ठिकाणावर येते.

---

वाचनमात्र
रविवार, सकाळी ७:५०

अडाणी प्रश्न. क्लिकर म्हणजे बॉलपेनच्या मागे असतो तसा? टकटक करणारा?

---

कृष्णाकाठ
रविवार, सकाळी ९:३०

@वाचनमात्र, आवाज थेट तोच, काम वेगळं. ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह बघितलंत तर रायझरवर, बाण टेकतो त्याच्या वर, धातूची किंवा कार्बनची एक लवचिक पट्टी दिसेल. बाण लावताना तो त्या पट्टीच्या आतून घ्यायचा. ओढत गेलं की टोक मागे सरकत पट्टीखालून निसटतं आणि पट्टी रायझरवर आपटते, टक्! तो आवाज म्हणजे 'ओढ ठरल्या जागी आली, आता सोड'.

@तिरकमठा, मी सातारा भागातली. अकरा वर्षं रिकर्व्ह मारलं, आता लहान मुलांना शिकवते. हल्ली आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की लोकांना आदिती स्वामी आठवते. २०२३ साली बर्लिनला १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. पण तिचं कंपाउंड. त्यात ओढीला मागे भिंत असते, ती लागली की पुढे ओढताच येत नाही, त्यामुळे तिथे क्लिकरचा प्रश्नच येत नाही. तुमच्या-आमच्या धनुष्याला ती भिंत नाही. जितकं ओढाल तितकं येतं, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता मुद्द्याचं. क्लिकर दोन वेगळ्या दुखण्यांवर देतात आणि लोक ती एकत्र करतात.

एक, ओढ कमीजास्त होणं. दुसरं म्हणजे टार्गेट पॅनिक. नेम काळ्या ठिपक्यावर आला की मेंदू हाताला विचारत नाही, सोडून मोकळा होतो. तुमच्या मंडळींनी पालीचं जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे, तुम्हाला दुसरं दुखणं आहे. ओढ कमी पडणं हे नुसतं त्याचं लक्षण. क्लिकर इथे उपयोगी पडतो कारण 'कधी सोडायचं' हा निर्णय तो डोळ्यांकडून काढून कानाकडे देतो. नेम बसला तरी सोडायचं नाही. टक् ऐकू येईपर्यंत पाठीने ओढत राहायचं.

पण एक सांगून ठेवते. टक् झालं म्हणजे तुमची ढब बरोबर आहे असं नाही. क्लिकर बाण मोजतो, माणूस मोजत नाही. पुढचा खांदा कानाशी गोळा करून, मान पुढे काढून, मागचं मनगट वाकवूनही ती पट्टी पाडता येते. माझ्याकडची एक मुलगी दमली की शेवटचे दोन मिलिमीटर हनुवटी पुढे करून काढायची. टक् व्हायचं, बाण भलतीकडे. क्लिकरचा मुक्काम सहा महिने एका जागी होता आणि तिची ढब मात्र रोज नवी.

आणि हो, शेजारच्याच्या क्लिकरवर आपला बाण सुटणं! रेषेवर खांद्याला खांदा लावून उभं राहिलं की हे होतंच. माझा जिल्हा स्पर्धेत सुटलेला आहे. गुण किती ते विचारू नका.

---

गणिती_ग
रविवार, दुपारी १२:१०

धनुष्याला आयुष्यात हात लावलेला नाही, पण आकडे दिसले की राहवत नाही.

बाणाचा वेग सेकंदाला ४८ मीटर धरला (साधारण ३७-३८ पौंडांच्या रिकर्व्हला ठीक वाटतो, चूक असेल तर सांगा). २० मीटरला ०.४२ सेकंद लागतात, तेवढ्यात बाण सुमारे ८५ सेंटिमीटर खाली येतो. तुम्ही तो उतार हिशोबात धरून नेम वर घेता, त्यामुळे तो जाणवत नाही.

आता ओढ एक इंच कमी पडली. शेवटचा इंच सगळ्यात महाग असतो, कारण तिथे दोरी सगळ्यात जड असते. दोरी बाणाला ढकलते ते अंतर १७ इंच धरलं, तर त्यातला एकच इंच गेला म्हणजे सहा टक्के. पण ऊर्जा जाते ती जवळजवळ १० टक्के. म्हणजे वेग ५ टक्क्यांनी कमी, ४८ चे साडेपंचेचाळीस. उतार ८५ चा ९४ सेंटिमीटर. बाण नऊ सेंटिमीटर खाली. दीड इंच गेला तर तेरा-चौदा. तुमची 'अर्धी वीत' बरोबर बसते!

३० मीटरवर तोच एक इंच २१ सेंटिमीटर खाली नेईल. रबरी हरणाच्या छातीऐवजी गुडघा.

डावीकडे का जातो ते मात्र माझ्या गणितात नाही.

---

स्टुटगार्टकर
रविवार, दुपारी ३:४५

डावीकडचं मी सांगतो. तिरकमठा उजव्या हाताचे असावेत. बाण सुटताना रायझरला वळसा घालून वाकत-वाकत जातो. दांडीचा कडकपणा म्हणजे स्पाइन, तो धनुष्याच्या जोराला जुळवून घेतलेला असतो. ओढ कमी, जोर कमी, मग तीच दांडी जास्त कडक असल्यासारखी वागते, पुरेशी वाकत नाही आणि उजव्या हाताच्या माणसाचा बाण डावीकडे पडतो. खाली आणि डावीकडे, दोन्हींचं मूळ एकच.

@जुनंतेसोनं, 'आकर्ण' शब्द सुंदर आहे, पण कान डोक्याला असतो आणि डोकं हलतं. मी अंगठीने मारतो, आशियाई घोडेस्वारी पद्धतीचं छोटं धनुष्य. दोरी अंगठ्याने ओढायची, हात पार कानामागे. तिथे ओठाचा कोपरा, हनुवटी असं टेकवायला काही नाही, म्हणून लांबीचा प्रश्न तुमच्यापेक्षा बिकट. यावर तोडगा जुनाच आहे. मिंग काळातला सेनापती छी जिग्वांग, सोळाव्या शतकातला, त्याच्या लष्करी ग्रंथात जुनं वचन देऊन सांगतो की पुढच्या हाताच्या बोटाला बाणाचं टोक कळलं नाही तर तो तिरंदाज आंधळ्यासारखाच. टोक आलं हे डावं मधलं बोट आपोआप ओळखतं, डोळ्याने बघायचं नाही. म्हणजे क्लिकरच, फक्त आवाज न करणारा. बाणाची लांबी आपल्या ओढीएवढी कापायची आणि टोक बोटाला लागलं की ओढ पूर्ण. साडेचारशे वर्षांपूर्वी सैन्य शिकवणाऱ्या माणसाला यात लबाडी वाटली नाही.

(हे सरावाच्या बोथट टोकांनीच करा. धारदार शिकारी टोक बोटापर्यंत ओढाल तर पुढचा धागा टाक्यांवर काढावा लागेल.)

नियमांचं म्हणाल तर वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या बेअरबो (बिनसाइटच्या धनुष्याच्या) गटात क्लिकर किंवा ओढ दाखवणारी कुठलीही खूण चालत नाही. रिकर्व्ह गटात चालतो. अमेरिकेत संघटना अनेक, प्रत्येकीचे गट वेगळे, स्पर्धेला जाण्याआधी नियमावली बघून घ्या. रविवारच्या भटकंतीला कोण विचारतंय?

---

जुनंतेसोनं
रविवार, सायंकाळी ६:२०

चिनी सेनापतीचं पटलं. पण ते बोट स्वतःचं आहे, विकत आणून चिकटवलेलं नाही. माझा आक्षेप तेवढाच.

---

कृष्णाकाठ
रविवार, सायंकाळी ६:५०

आमच्याकडे इंडियन राउंडची मुलं बांबूच्या, बिनसाइटच्या धनुष्याने ५० आणि ३० मीटर मारतात. त्यांनाही चिकटवलेलं काही नाही. ती पोरं बिचारी कोणाला विचारत नाहीत की हे पारंपरिक का. :)

---

हाडवैद्य
रविवार, रात्री ९:०५

पुण्यात फिजिओ आहे, धनुर्धर पेशंट अधूनमधून येतात. तिरकमठा, एक चाचणी करा. बाण लावून, सुरक्षित जागी, बटसमोर (बाण अडवणाऱ्या गादीसमोर) पूर्ण ओढा आणि घड्याळ बघत धरून ठेवा. आठ सेकंद न थरथरता धरता येतंय का? मग सावकाश उतरवा. बाण न लावता नुसती दोरी सोडायची नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

पाच सेकंदांतच खांदा वर चढायला लागला तर दोष मेंदूचा कमी आणि पौंडांचा जास्त. शरीराला ओझं नको असतं म्हणून ते घाईने टाकतं. अशा माणसाला क्लिकर लावला की तो टक् ऐकण्यासाठी खांद्याची ओढाताण करतो, मग माझ्याकडे येतो. माझा धंदा चालतो, पण तुमचं नुकसान. ३० पौंडांची पाती मिळत असतील तर सहा आठवडे त्यावर काढा. टेकडाउन आहे, रायझर तोच राहील.

---

तिरकमठा
सोमवार, पहाटे ५:३०

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आठ सेकंदांची चाचणी केली. सहाव्याला हात पानासारखा थरथरला. ३० पौंडांची पाती मागवली आहेत.

एक शंका. पात्यावर २८ इंचाला ४० लिहिलंय, पण माझी लांबातली लांब ओढसुद्धा २८ भरत नाही. मग मी नेमके किती पौंड ओढतो?

---

स्टुटगार्टकर
सोमवार, दुपारी १:००

या २८ ने जगभर घोळ घातलाय. ते २८ म्हणजे नॉकच्या खाचेपासून मुठीच्या सगळ्यात खोल जागेपर्यंत सव्वासव्वीस इंच, अधिक पावणेदोन इंच. हे पावणेदोन इंच ठरवून मिळवलेले आहेत, म्हणजे माप साधारण रायझरच्या पुढच्या कडेपर्यंत येतं. तुमच्या पट्ट्या त्याच कडेशी मोजल्या असतील तर तोच आकडा धरा. अशा धनुष्यात शेवटाकडे एका इंचाला दोन-अडीच पौंड जातात. २६ ¾ भरली तर ३७ च्या आसपास. पक्कं हवं असेल तर हूकवाला तराजू घ्या, दहा मिनिटांचं काम.

---

तिरकमठा
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:४०

हालहवाल.

हलकी पाती आली. त्यावर क्लिकर चिकटवला. @वाचनमात्र, हा कृष्णाकाठ यांनी सांगितला तसा नाही. नखाएवढी स्टीलची पट्टी, वरच्या पात्याच्या आतल्या अंगाला, रायझरपासून थोडी वर, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावायची. तिच्यातून एक बारीक दोरा निघतो, तो धनुष्याच्या दोरीला बांधायचा. ओढलं की दोरी पात्यापासून लांब जाते, दोरा ताणतो आणि पट्टी टक् करते. बाण कुठल्याही लांबीचा चालतो, हा याचा फायदा.

पहिल्याच दिवशी दोन चुका केल्या. सोबतचा दोरा आखूड वाटला म्हणून घरातला, गोधडीला वापरतात तो सुती दोरा बांधला. सकाळी छान. दुपारी पाऊस भुरभुरला, दोरा ताणून सैल झाला आणि मी ओढतोय, ओढतोय, टक् काही होईना. मागचा खांदा दोन दिवस बोलत होता. आता जुन्या दोरीतला एक डायनीमाचा पदर काढून लावलाय, तो ताणत नाही.

दुसरी चूक म्हणजे नवी दोरी. ती पहिले काही दिवस लांबते, ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर) ८ इंचांची पावणेआठ झाली आणि क्लिकरची जागा आपोआप सरकली. हा क्लिकर दोरी आणि पातं यांतलं अंतर मोजतो, ओढ नव्हे, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता दर वेळी आधी ब्रेस हाइट मोजतो, पीळ देऊन जागेवर आणतो, मग बाकीचं.

आणि आता ऐका. क्लबात गुण लिहिणारे काका माझ्या मागे उभे. मी नेम धरलेला, ओढ अजून दोन इंच बाकी. काकांनी बॉलपेनचं बटण दाबलं. टक्! माझा बाण अस्वलाच्या चार फूट अलीकडे मातीत. वाचनमात्र, तुमचा प्रश्न अडाणी नव्हता.

---

वाचनमात्र
शनिवार, रात्री ९:५५

हहपुवा! काकांना पेन्सिल भेट द्या.

---

कृष्णाकाठ
रविवार, सकाळी ८:१०

हसले खूप, पण हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण नाही, उलट आहे. डोळ्यांचा गुलाम होता, आता कानाचा झालात. आवाज आला की सुटतोय, म्हणजे निर्णय अजून तुमचा नाही.

आमच्याकडचा सराव सांगते. पाच मीटरवरून मोठा बट, त्यावर कागद नाही, ठिपका नाही. कोणालातरी मागे उभं करा. तुम्ही ओढायचं, टक् होऊ द्यायचं, आणि तसंच ओढत राहायचं. मागचा माणूस 'सोड' किंवा 'उतरव' म्हणेल. दहातले सहा उतरवायचे, तेही कुठले ते आधी सांगायचं नाही. पहिल्या दिवशी उतरवायला सांगूनही सुटतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टक् झाल्यावर छाती उघडत राहते, बोटं शांत राहतात. तेव्हाच ठिपका लावायचा.

क्लिकरची जागा ठरवताना ताजेतवाने असताना ठरवू नका. साठ-सत्तर बाण झाल्यावर जी ओढ चांगल्या ढबीत येते, तिथे लावा. सकाळच्या जोशात लावलेला क्लिकर दुपारी शत्रू होतो.

---

तिरकमठा
दोन महिन्यांनी, रविवार, रात्री ८:३०

'सोड-उतरव'साठी बायको उभी राहायची. मंगळवार आणि गुरुवार, गॅरेजमध्ये, भाजी शिजेपर्यंत. तिला या खेळात भलताच रस आला. सलग सात वेळा 'उतरव' म्हणायची आणि आठव्याला नुसती गप्प. पहिल्या आठवड्यात दहातले चार तरी आगाऊ सुटायचे. आता आठवड्यात एखादा.

काल परत पट्ट्या चिकटवून चित्रण केलं. क्लिकर काढून, ४० पौंडांच्या पात्यांवर. बारांपैकी अकरा बाण अर्ध्या इंचाच्या आत, ओढ पावणेसत्तावीसच्या आसपास. बारावा एक इंच आखूड. तो दुपारी, रानात, टर्कीसमोर. टर्की लहान आहे आणि मला तिची भीती वाटते, दुसरं कारण सापडत नाही.

रविवारी क्लिकर काढून फिरतो. गॅरेजात लावतो.

---

जुनंतेसोनं
सोमवार, रात्री १०:२०

अभिनंदन. मीही मुलाला चित्रण करायला लावलं. पट्ट्या चिकटवून. बारा वर्षं लाँगबो मारतोय, आणि मीही पाऊण इंच सांडतोय.

तो दोरा धनुष्याच्या दोरीला नेमका कुठे बांधला? आणि माझं पातं आतून गोलसर आहे, टेप धरेल का?

---

तिरकमठा
सोमवार, रात्री १०:४५

नॉकच्या साधारण वीतभर वर, क्लिकरच्या समोर येईल असा. जागा पक्की होईपर्यंत सरकगाठ मारा, मग गाठीच्या वर-खाली दोरीवर सर्व्हिंगचा बारीक दोरा गुंडाळा म्हणजे ती सरकत नाही. गोल पात्यावर नुसता टेप टिकणार नाही. खाली चामड्याचा तुकडा घ्या, पात्याच्या गोलाईला बसेल असा तासलेला, आणि पात्याभोवती दोऱ्याचे पाच-सहा वेढे. वार्निश खरवडू नका, स्पिरिटने पुसलं की पुरे. पहिले दहा बाण जवळून, चष्मा लावून मारा. माझी पट्टी एकदा उखडून कपाळाशेजारून गेली होती.